काडीला काय कळतंय

मी बादली बोलतेय. पांढरी, झाकणाची, पंचवीस लिटरची. आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून गोड गोड काही ऐकायला मिळणार नाही. जिच्या पोटात लोकांनी जन्मभर न धुतलेले हात घातले, तिच्याकडून मायेच्या शब्दांची अपेक्षा धरू नये.

त्या गुरुवारी रात्रभर मी जागी होते, आणि माझ्या शेजारी चुलीपाशी नोझोला जागी होती. तिला एकच काळजी खात होती. माझ्या पोटातली बिअर शनिवारी सकाळपर्यंत होईल का? आणि झालीच, तर झाली हे आपल्याला कळणार कसं? ती उठायची, माझं झाकण तिरकं करायची, नाक आत घालायची, "झाली वाटतं" म्हणायची. मग लगेच, "छे, कुठली व्हायला!" झाकण सारखं उघडलं की आतली ऊब जाते, हे तिला पुस्तकातून शिकवलेलं होतं. तिने शाळेतल्या पोरांना ते शिकवलंही होतं. तरी उघडतच होती.

नोझोला हे तिचं सासरचं नाव. इकडे नव्या सुनेचं नाव बदलतात. झोला म्हणजे शांत. तिच्याइतकी अशांत बाई मी दुसरी पाहिली नाही. नाव ठेवणाऱ्यांनी तिला नीट पाहिली तरी होती का, कोण जाणे.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. साबुदाण्यासारखे पांढरे मणी वितळवले, साच्यात दाबले, आणि एका दमात मी झाले. पहिला वास स्वतःचाच आला, जळक्या प्लास्टिकचा. त्यानंतर आयुष्यात त्याच्याइतका स्वच्छ वास मला क्वचितच मिळाला.

कारण लगेच माझ्यात मेयोनेज भरलं. अंड्याचं आणि तेलाचं ते पांढरं गिळगिळीत प्रकरण काठापर्यंत घेऊन मी कोमानी शहरातल्या एका हॉटेलात पोचले. तिथला आचारी डावाने काढण्याचे कष्ट घेत नसे. कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर काढायचा, बोटं चाटायचा, आणि तीच बोटं पुन्हा आत. एकदा त्याच्या मनगटावरचा केस माझ्यात राहिला. चार दिवस तो केस आणि मी एकत्र होतो. त्या चार दिवसांत मी माणसांना बोटांवरून ओळखायला शिकले.

मी रिकामी झाले तेव्हा मला मागच्या दाराशी टाकलं. तिथून नोझोलाने मला उचललं. ती जवळच्याच शाळेत, प्रयोगशाळेत कामाला. घरी नेऊन तिने मला उकळत्या पाण्याने चारदा घासलं, आत डोकं घालून वास घेतला, आणि पाचव्यांदा घासलं. तेव्हाच ही बाई मला आवडली. स्वतःवर विश्वास नसलेली माणसं भांडी स्वच्छ घासतात.

तिच्या भाड्याच्या खोलीत मी तीन वर्षं पिण्याचं पाणी धरलं. नळाला एक दिवस पाणी, दोन दिवस नाही, अशी तिथली रीत. ती तीन वर्षं सुखाची. नवरा वुयो लांब पल्ल्याच्या बसवर होता, घरात मायलेकीच असायच्या. लेक लुनाथी, तिसऱ्या वर्षी पाच वर्षांची झालेली. माझ्या बाजूला तिने मेणाच्या रंगाने मांजर काढलं होतं, ते अजून पुरतं गेलेलं नाही.

लुनाथी रात्री अंथरूण ओलं करायची. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा. नोझोला काही बोलत नसे. चादर ओढायची, पोरीला कोरडा झगा घालायची, आणि मग पाठमोरी उभी राहून फोनमध्ये काहीतरी वाचत बसायची. वाचून झालं की तिचा चेहरा वाचण्याआधीपेक्षा जास्त पडलेला असायचा. मला त्या ओल्या चादरीची किळस यायची, खोटं कशाला बोलू? पण चादर धुता येते.

जूनच्या, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, सुट्टीत आम्ही गावी निघालो. त्सोमो नदीच्या वरच्या अंगाला टेकडीवर वुयोचं घर. टॅक्सीत मला कपडे भरून मागे ठेवलं होतं. एका बाईने आपली कोंबडी माझ्या झाकणावर बसवली. कोंबडीने जे करायचं ते केलं. बाई म्हणाली, "शुभ असतं." नोझोला म्हणाली, "हो का," आणि पिशवीतून फडकं काढलं.

गावी जाण्याचं कारण लुनाथी. तिचा इंबेलेको राहिला होता. म्हणजे बकरं कापून, बिअर ठेवून मुलाला पूर्वजांपुढे न्यायचं आणि सांगायचं, हे आपलं, याला सांभाळा. खरं तर हे मूल लहान असतानाच करतात. पण वुयोला कधी रजा नव्हती, तर कधी बकऱ्याची सोय नव्हती. त्यामुळे पाच वर्षं गेली. याही वेळी रजा मिळाली नाही, त्याने बकऱ्याचे पैसे तेवढे पाठवले. आणि अंथरूण ओलं होतं ते त्यामुळेच, असा सासरचा निकाल लागलेला होता.

निकाल देणारी मादलोमो, नोझोलाची सासू. दलोमो हे तिच्या बापाचं कूळ. इकडे बाईला मान द्यायचा तर तिच्या बापाच्या कुळाच्या नावाने हाक मारतात, मग ती नातवंडांची आजी का असेना. या घराचं कूळ भेले. म्हणजे लुनाथी खरी माभेले. पण तिला अजून कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती. पूर्वजांशी जिची ओळखच नाही, तिला त्यांचं नाव कसं द्यायचं, असं मादलोमोचं म्हणणं.

पाहुण्यांच्या बिअरची दोन मोठी पिंपं मादलोमोने आधीच करून ठेवली होती. पण पूर्वजांपुढे ठेवायची बिअर मुलाच्या आईने स्वतः करायची, ही या घराची रीत. तिचा पहिला घोट घराण्यातला वडील माणूस घेतो, म्हणजे वुयोचे थोरले चुलते, म्लामली. बिअर चांगली उतरली तर पूर्वज खूश. नाही उतरली तर आईत खोट, नाहीतर मुलात.

नोझोलाने याआधी एकदाही बिअर केलेली नव्हती. भांडं मात्र तिने स्वतः निवडलं. मला निवडलं.

आता जरा मन घट्ट करून ऐका. बुधवारी संध्याकाळी माझ्यात मक्याचं पीठ आणि मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचा भरडा पडला, वर गरम पाणी. रात्रभरात ते आंबलं. गुरुवारी सकाळी त्याला ओल्या मोज्यासारखा वास येत होता. वरचं थोडं पाणी काढून ठेवलं, खालचा गाळ चुलीवर चढवून त्याची खीर शिजवली, ती निववली, आणि संध्याकाळी सगळं परत माझ्यात. त्यावर पुन्हा ज्वारीचा भरडा. राखाडी, तपकिरी, घट्ट. वर फेस, फेसात माशी. ही उमकोम्बोथी, आमची बिअर. हिच्यासाठी लोक टेकड्या ओलांडून येतात. मेयोनेजबद्दल मी जे काही बोलले, त्यातलं निम्मं मागे घेते.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. आंबायला लागलं की माझ्या पोटात काहीतरी जिवंत असतं. आधी कुठेतरी एखादा बुडबुडा, मग दोन, मग सगळीकडून कुजबूज. जोर धरला की कुजबुजीची फसफस होते, आणि माझ्या तोंडाशी एक जड, न दिसणारा श्वास साचतो. काम संपत आलं की आवाज हळूहळू विरतो. कधी सुरू झालं, कधी भरात आहे, कधी संपलं, हे मला आतून कळतं. मला विचारायला हवं, एवढंच. कोणी विचारत नाही. सगळे काडीला विचारतात.

काडीचं असं आहे. झाकण उघडून पेटती काडी बिअरच्या तोंडाशी धरायची. फटकन विझली तर बिअर तयार, गाळायला घ्या. जळत राहिली तर थांबा. त्या जड श्वासाने ती विझते, हे नोझोलाला माहीत. पूर्वज फुंकून सांगतात, हे मादलोमोला माहीत. दोघींची काडी एकच.

थंडी तर अशी की सकाळी अंगणातल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली. थंडीत आंबणं रेंगाळतं. म्हणून नोझोलाने मला घोंगडीत गुंडाळलं. हाताला आली ती घोंगडी लुनाथीची. त्या घोंगडीचा वास मी सांगत नाही. मी ती अंगावर घेऊन दोन दिवस गप्प बसले, एवढंच लक्षात ठेवा.

शुक्रवारी सकाळी नोझोलाने पिशवीतून एक काचेची नळी काढली. खाली जड, वर बारीक आकडे. शाळेतून मागून आणलेली.

"हे गं काय?" मादलोमोने विचारलं.

"आई, याने साखर किती उरली ते कळतं. साखर संपली की आंबणं संपलं. पाण्यात तरंगते ही, आणि मग आकडा वाचायचा."

तिने ती माझ्यात सोडली. माझ्यात पाणी कुठे होतं? घट्ट खीर होती. नळी जिथे सोडली तिथेच रुतली, तिरकी, पिठल्यात रोवलेल्या चमच्यासारखी. बोटाने दाबली तर खाली गेली आणि तिथेच राहिली.

सगळ्या वाकून बघत होत्या. नोझोलाची नणंद नोझुको शेवटी म्हणाली, "काय म्हणतेय? ताप आहे का तिला?"

बायका इतक्या हसल्या की एकीची थुंकी माझ्या काठावर उडाली. मला ती लागली. नोझोलाही हसली, पण नळी पुसताना तिने मान वर केली नाही. "मला वाटलं होतं पातळ असेल," ती म्हणाली. "म्हणजे, वाटलं नव्हतं. विचारच केला नव्हता."

मग मादलोमोने काडी लावली. काडी माझ्या तोंडाशी निवांत जळत राहिली. मादलोमोचं बोट पोळलं तेव्हा तिने ती झटकली.

"नाही झाली."

"थंडी आहे ना आई."

"थंडी आमच्या वेळी पण होती."

त्यानंतर दिवसभर जी रांग लागली, तिची आठवण झाली की मला आजही शिसारी येते. शेजारणी यायच्या, म्हणायच्या "झाली का गं?", बोट बुडवायच्या, चाटायच्या, तोंड वाकडं करायच्या, आणि खात्री करायला तेच बोट पुन्हा बुडवायच्या. एकीच्या नखात कांदा होता. एकीने नुकतंच तान्ह्याचं नाक पुसलं होतं. एक म्हातारी तपकीर ओढून आली. प्रत्येकीचं मत वेगळं. "आज रात्री." "उद्या दुपारी." "ज्वारीच जुनी वाटते." "हिचा हात थंड आहे, थंड हाताला बिअर येत नाही." नोझोला प्रत्येकीला "हो ना" म्हणत होती. पाच जणींना पाच वेळा. शेवटी तिचं स्वतःचं काय मत आहे, ते तिलाही सापडेना.

ज्वारीच्या पोत्यामागे लुनाथी बसलेली. मोठी माणसं बोलतात तेव्हा मुलं भिंतीसारखी होतात, आणि मोठी माणसं त्यांना भिंतच समजतात.

"आज पण ओलं?" नोझुकोने विचारलं. सगळ्या शेजारणींसमोर.

"ताई, हळू. ती इथेच आहे."

"मग कळू दे की तिला. पाच वर्षांची घोडी झाली. रोज सकाळी मी विचारते, कोरडं की ओलं, तर नुसती पायाकडे बघत बसते."

"उद्या विधी झाला की सगळं थांबेल," मादलोमो म्हणाली. "बिअर नीट उतरली तर."

"आणि नाही उतरली तर?" नोझोलाने विचारलं.

मादलोमोने खांदे उडवले. नोझोला बाहेर गेली. खिडकीतून ती मला दिसत होती. लाकडं उचलायला गेलेली बाई लाकडांपाशी उभी राहून एप्रनने डोळे पुसत होती.

पोत्यामागूनही ती दिसत असावी. कारण लुनाथी उठली आणि माझ्याजवळ आली. कोणाचं लक्ष नसलं की ती यायची. घोंगडी जरा बाजूला करायची, मांजराच्या चित्राशेजारी कान लावायची आणि आतलं ऐकत बसायची. बोट तिने एकदाही बुडवलं नाही. ते मी कधी विसरणार नाही. त्या घरात एवढंच एक पाहुणं होतं ज्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

"आजी," ती म्हणाली, "काडी विझली की काय होतं?"

"की तुझ्या पणजोबांच्या बापाने फुंकर मारली, झाली म्हणून सांगितलं, असं समजायचं."

"मग आईला कोणी विचारत नाही?"

"मग कशाला कोण विचारेल?"

लुनाथीने मान हलवली. फार नीट समजल्यासारखी.

ऊन कलायला लागलं तेव्हा मादलोमोने पुन्हा काडीपेटी घेतली. गाळायचं तर उजेडातच, आणि उद्या सकाळी म्लामली येणार. बायका गोळा झाल्या. नोझोला दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळून दाराजवळ उभी होती. लुनाथी आजीच्या कोपराशी. झाकण निघालं. काडी पेटली, खाली आली.

मी तुम्हाला शपथेवर सांगते, माझं अजून झालेलं नव्हतं. थंडीने दिवसभर आतलं सगळं अर्धवट राहिलं होतं, नुकता कुठे जोर धरत होतं. गोडसर, कच्चं, बडबडं. माझ्या तोंडाशी अजून श्वासच साचलेला नव्हता. आणि तरी एक श्वास आला. माझा जड आणि आंबट असतो. हा हलका होता आणि त्याला गोड चहाचा वास होता.

काडी विझली.

बायकांनी जीभ हलवून तो लांब, चिरका आनंदाचा सूर लावला. नोझुको टाळ्या पिटत अंगणात धावली. मादलोमोने डोळे मिटून भेलेंच्या पूर्वजांची नावं घेतली, एकामागून एक. नोझोला तेवढी हलली नाही. ती लुनाथीच्या तोंडाकडे बघत होती. ओठ अजून गोल होते. पोरीने ते घाईघाईने मिटले.

"आई," नोझोला म्हणाली, "अजून एक काडी लावून बघू या का?"

सूर थांबला.

"कशाला?"

"नाही, म्हणजे... वाऱ्याने विझली असेल. खात्री म्हणून."

"वारा?" मादलोमोचा आवाज खाली आला. "दार वाजवलं, त्यांनी ओ दिली. आता तू परत दार वाजवणार? ओ दिलीत ती खरी का, म्हणून?"

नोझोलाने लुनाथीकडे पाहिलं. लुनाथी पायाकडे पाहत होती. मग नोझोलाने पुढे येऊन माझ्या अंगावर तळवा ठेवला, घोंगडीच्या आत. तिथे बुडबुडे धडकत होते, तिला नक्की लागले असणार. तिला माहीत होतं. शिकलेली होती, डोळ्यांनी पाहिलं होतं, हाताला लागत होतं. आणि तरी तिच्या चेहऱ्यावर ते नेहमीचंच. आपल्याला दिसलं ते खरंच दिसलं का? मला कितीसं कळतं? ही माणसं शंभर वर्षं बिअर करतायत. शिवाय काडी पोरीने फुंकली म्हटलं, तर उद्या पोरीला काय काय ऐकावं लागेल?

"बरं," ती म्हणाली.

माशी पाहिली, मोज्याचा वास सोसला, तपकिरीची बोटं सोसली. पण त्या 'बरं'इतकी किळस मला कशाचीच आली नाही.

गाळलं. गवताच्या विणलेल्या लांब गाळणीत भरून बायका ती पिळत होत्या, कपडे पिळावेत तशी, आणि त्यांच्या मनगटांवरून ओघळ खालच्या पातेल्यात, बिअरमध्येच पडत होते. चोथा कोंबड्यांना टाकला. नेहमी चोथा खाऊन कोंबड्या झुलत फिरतात. त्या दिवशी त्या खाऊन सरळ चालत गेल्या. निदान तेवढ्यावरून तरी कोणाला कळायला हवं होतं. मला धुऊन, गाळलेली बिअर पुन्हा माझ्यात ओतून, गोल झोपडीत दारासमोरच्या भिंतीशी ठेवलं. ती पूर्वजांची जागा. मी तिथे बसले, पोटात कच्चं घेऊन, फसफसत.

याला आता दोन हिवाळे झाले. माझ्या काठाला चीर गेली आहे, झाकण हरवलं आहे. मी गावीच राहिले, पडवीत असते, माझ्यात कोंबड्यांचा दाणा ठेवतात. हो, कोंबड्यांचा. ज्या जातीने माझ्या झाकणावर शुभ केलं, तिचीच सेवा नशिबी आली. पडवीत कानावर येतं त्यावरून, लुनाथीची गादी त्या शनिवारनंतरही दीड महिना ओली होत राहिली. मग कधीतरी थांबली. नेमकी कधी, ते कोणाला सांगता येत नाही, कारण तोवर सकाळी विचारणं बंद झालं होतं. मांजराचं चित्र अर्धं गेलं, शेपटी राहिली. तुमच्याकडे मागणं एकच. कोणाच्याही पोटात बोट घालण्याआधी हात धुवा, आणि एकदा चाटलेलं बोट पुन्हा बुडवू नका. दुसऱ्यांदा वेगळी चव लागत नाही. आता त्या शनिवारचं सांगते आणि थांबते.

सकाळी बकरं कापलं. कापण्याआधी ते मोठ्याने ओरडलं, म्हणजे पूर्वजांनी ऐकलं, सगळे सुखावले. भाजलेल्या मांसाचा पहिला तुकडा लुनाथीला दिला. तिने तो बराच वेळ चघळला. मग सगळे झोपडीत आले, पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. म्लामली माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, मिशा पिवळ्या, मिशांत सकाळचा चहा. पत्र्याचा डबा त्यांनी माझ्यात बुडवला, अंगठ्यासकट.

घोट तोंडात घेतला. या गालातून त्या गालात फिरवला, चूळ भरावी तसा. गिळला.

"ही बिअर," म्लामली म्हणाले, "अजून पाळण्यात आहे."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. नोझुकोने लुनाथीकडे पाहिलं, आणि एकेक करून सगळ्यांनीच पाहिलं.

"काडी विझली होती," मादलोमो म्हणाली. "माझ्या हातातली. माझ्या डोळ्यांदेखत. त्यांनीच विझवली. मग आता नको का म्हणतायत?" तिचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला होता. "पोरीत काही..."

"पोरीत काही नाही." नोझोला उभी राहिली. सुनेने तिथे असं उभं राहायचं नसतं. तरी ती राहिली. "बिअर झालेली नव्हती, आणि मला ते माहीत होतं. हात लावून कळलं होतं. काल मी गप्प बसले. काडीसुद्धा... मी फार जवळ उभी होते. माझ्या श्वासाने विझली असेल."

"तुझ्या?"

"हो, आई. माझ्या."

तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला.

"आई दाराजवळ होती. मी फुंकली."

म्लामलींनी डबा खाली ठेवला. "तू? का गं?"

लुनाथी पायाकडे पाहत होती. पण बोलली. "सगळे आईला विचारत होते, झाली का, झाली का. मला पण रोज सकाळी विचारतात. उत्तर देईपर्यंत विचारतात." मग म्हणाली, "म्हणून मी उत्तर दिलं."

नोझुकोने आपल्या शालीचं टोक चाचपायला सुरुवात केली. म्लामलींचे खांदे आधी हलले, मग मिशा, आणि मग ते असे हसले की चहाचा तो थेंब शेवटी माझ्यात पडलाच.

"साठ वर्षं मी काड्या विझताना बघतोय," ते डोळे पुसत म्हणाले. "त्यातल्या किती कोणी कोणी फुंकल्या असतील! मादलोमो, घाबरू नकोस. बकरं ओरडलंय. ओळख झालीय." मग त्यांनी लुनाथीला हात केला, आणि एका थोर बाईशी बोलावं तसं म्हणाले, "काडीचं आता काही खरं नाही. मग तुम्हीच सांगा, माभेले. ही कधी व्हायची?"

नाव सगळ्यांनी ऐकलं होतं. नोझोला मटकन खाली बसली.

लुनाथी माझ्याजवळ आली. गुडघे टेकले, मांजराच्या शेजारी कान लावला आणि डोळे मिटले. सत्तरीचे म्लामली, सासू, नणंद, सगळे पाहुणे वाट बघत राहिले. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने एक हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "ती अजून बोलतेय."